बुडबुड्याचे स्थैर्य

बुडबुडा म्हणजे द्रवाने वेढलेला वायू. त्याला स्वतःची वेगळी भिंत नसते. पाणी जिथे संपते आणि हवा जिथे सुरू होते, ती सीमा हेच त्याचे शरीर. नश्वरता सांगायला भारतीय परंपरेने हा दृष्टांत फार पूर्वी उचलला. पाली संयुत्तनिकायातील फेणसुत्तात बुद्धाने रूपाला फेसाच्या गोळ्याची, वेदनेला पाण्यावरच्या बुडबुड्याची, संज्ञेला मृगजळाची, संस्कारांना केळीच्या खांबाची आणि विज्ञानाला गारुड्याच्या खेळाची उपमा दिली आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘आत्मबोध’ या प्रकरणग्रंथात परमेश्वरात जगे उत्पन्न होतात, राहतात आणि लय पावतात, ती पाण्यातल्या बुडबुड्यांसारखी, असे म्हटले आहे. मराठी कीर्तनात तर ‘पाण्याचा बुडबुडा’ एवढे म्हटले की पुढे काय येणार हे श्रोत्यांना ठाऊक असते.

वैद्यकाने मात्र याच बुडबुड्याला टिकवण्याचा उद्योग गेली साठेक वर्षे चालवला आहे. सोनोग्राफीत रक्तप्रवाह स्पष्ट दिसावा म्हणून शिरेतून काही मायक्रॉन व्यासाचे, वायूने भरलेले सूक्ष्म बुडबुडे सोडतात. ते हृदय, यकृत, मूत्रपिंड यांतील बारीक वाहिन्यांपर्यंत पोहोचेतो टिकले पाहिजेत, आणि काम झाल्यावर मागे काही न ठेवता गेले पाहिजेत. या खटपटीतून एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. नाहीसे होणे हा ज्याचा स्वभाव, त्याला स्थिर करणे म्हणजे नेमके काय करणे? आणि जे टिकत नाही ते असार, हे अनुमान कितपत खरे?

हा प्रश्न मूर्त रूपात पाहायचा तर कुंभकोणम हे योग्य ठिकाण आहे. कावेरीच्या खोऱ्यातले हे गाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात ते मोडत असे, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये इथल्याच मराठी घराण्यात झाला. गावाचे नाव ज्या कथेवरून पडले तिच्या केंद्रस्थानी एक पातळ कवच आहे. प्रलय जवळ आला तेव्हा ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजे आणि अमृत मातीच्या कुंभात भरले. तो कुंभ पुरावर तरंगत दक्षिणेकडे आला आणि इथे थांबला. शिवाने किराताच्या रूपात बाण मारून तो फोडला, अमृत सांडले, आणि नव्या सृष्टीला सुरुवात झाली. फुटलेल्या कुंभाची माती आणि अमृताने भिजलेली वाळू यांपासून शिवाने घडवलेले लिंग म्हणजे आदिकुंभेश्वर, अशी श्रद्धा आहे. लिंग वाळूचे मानले जात असल्याने त्यावर थेट पाण्याचा अभिषेक करत नाहीत. दर १२ वर्षांनी ज्याच्या काठी महामहम भरतो ते तळे याच सांडलेल्या अमृताचे. मागचा महामहम २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे. कथेत कुंभाला महत्त्व आहे ते दोन गोष्टींसाठी: तो पुरात टिकला, आणि वेळ आल्यावर फुटला. यांतली एक जरी चुकली असती तरी कथा तिथेच संपली असती.

गावापासून पाच-सहा किलोमीटरवर, स्वामीमलैच्या वाटेवर, तिरुवलंचुळी नावाचे खेडे आहे. कावेरी इथे उजवीकडे वळसा घेते म्हणून हे नाव. इथल्या कपर्दीश्वराच्या देवळात श्वेतविनायकाची लहानशी पांढरी मूर्ती आहे. ती क्षीरसागराच्या मंथनातून निघालेल्या फेसाची, असे मानतात. गणेशाला न वंदिता मंथन सुरू केले म्हणून आधी विष निघाले. मग देवांनी त्याच सागराच्या फेसाचा विनायक करून पूजला आणि पुढे इंद्राने तो इथे आणला, अशी कथा सांगतात. मूर्ती फेसाची असल्याने तिला पाण्याचा अभिषेक नाही, हाताचा स्पर्शही नाही. तिच्यावर फक्त भीमसेनी कापराची पूड वरून भुरभुरतात. फेसाची मूर्ती टिकवायची तर पाणी आणि हात दूर ठेवायचे आणि वरून कोरड्या पुडीचा पातळ थर द्यायचा, असा हा पूजाविधी आहे. यावरून ‘आपल्या पूर्वजांना सूक्ष्म बुडबुड्यांचे शास्त्र ठाऊक होते’ असे कोणी म्हणू लागले तर ते विज्ञानावर आणि श्रद्धेवर, दोन्हींवर अन्याय करणारे ठरेल. विधी रसायनशास्त्र सांगत नाही. तो एका प्रश्नाकडे लक्ष वेधतो: अतिशय नाजूक वस्तूला देवत्व दिले तर तिच्याशी वागायचे कसे? फेस असार म्हणून हिणवणारी परंपरा आणि फेसालाच देव मानून जपणारी परंपरा एकाच भूमीत नांदल्या, हे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे.

बुडबुडा टिकत नाही याचे कारण पृष्ठताण. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात, त्यामुळे पृष्ठभाग सतत आकसू पाहतो आणि आतल्या वायूवर जादा दाब पडतो. हा दाब पृष्ठताणाच्या दुपटीला त्रिज्येने भागले की मिळतो, म्हणून बुडबुडा जितका लहान तितका दाब जास्त. शुद्ध पाण्यात १ मायक्रॉन त्रिज्येच्या बुडबुड्यात हा जादा दाब वातावरणाच्या सुमारे १.४ पट भरतो. दाबलेला वायू भोवतीच्या पाण्यात विरघळतो, त्याने त्रिज्या घटते, त्रिज्या घटली की दाब आणखी वाढतो. ऱ्हासच ऱ्हासाला वेग देतो. एपस्टाइन आणि प्लेसेट यांनी १९५० मध्ये या विरघळण्याचे गणित मांडले. त्यानुसार एवढा लहान, उघडा, हवेचा बुडबुडा पापणी लवते न लवते तोच नाहीसा होतो. अनेक बुडबुडे एकत्र असतील तर आणखी एक प्रकार घडतो: लहानांतला वायू पाण्यातून झिरपत मोठ्यांत जातो, लहान संपतात आणि मोठे फुगतात. आपल्याकडे ज्याला मत्स्यन्याय म्हणतात तो इथे हेतूविना, केवळ दाबाच्या फरकाने चालतो. तेव्हा नश्वरतेसाठी निवडलेला दृष्टांत भौतिकशास्त्राच्या कसोटीलाही उतरतो, आणि जुन्यांना वाटले त्याहून अधिक काटेकोरपणे उतरतो.

शरीरातल्या बुडबुड्यांचा वैद्यकीय उपयोग योगायोगाने कळला. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे रेमंड ग्रामिॲक आणि प्रवीण शहा यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात असे दिसले की, रंगद्रव्याचे इंजेक्शन देताच महाधमनीच्या मुळाशी प्रतिध्वनींचा ढग उमटतो. तो ढग रंगाचा नव्हता, द्रवाबरोबर गेलेल्या बारीक बुडबुड्यांचा होता. लाल रक्तपेशीची घनता आणि दबण्याचा गुण भोवतालच्या रक्तद्रवासारखाच असतो, म्हणून ध्वनिलहर तिच्यातून जवळजवळ न अडता पुढे जाते. बुडबुड्याच्या आत मात्र पोकळी असते. द्रव फारसा दबत नाही, वायू सहज दबतो. या फरकामुळेच लहर परत फिरते. फेणसुत्ताने रिक्त आणि तुच्छ म्हटले ती रिक्तताच इथे कामाची ठरते. भरीव असता तर बुडबुडा दिसलाच नसता.

आकाराचाही एक विलक्षण मेळ आहे. केशवाहिन्यांतून जायचे तर बुडबुडा लाल रक्तपेशीहून, म्हणजे सात-आठ मायक्रॉनहून, मोठा असून चालत नाही. व्यवहारात सरासरी दोन-तीन मायक्रॉन धरतात. नेमक्या याच आकाराचा बुडबुडा सेकंदाला काही दशलक्ष कंपनांच्या वारंवारतेला अनुस्पंदित होतो, आणि सोनोग्राफीचे यंत्र त्याच पट्ट्यात चालते. रक्तवाहिनीचा व्यास आणि ध्वनियंत्राची वारंवारता यांचा एकमेकांशी काही संबंध नसताना हे जुळते. यात ईश्वरी योजना पाहायची की योगायोग, हे पाहणाऱ्याच्या दृष्टीवर आहे. भौतिकशास्त्र एवढेच सांगते की दोन्ही आकडे स्वतंत्रपणे ठरले आहेत.

टिकवण्याचे उपाय दोन: आतला वायू बदलणे आणि बाहेर कवच घालणे. पहिल्या पिढीच्या औषधांत हवाच असे. ध्वनिलहरींनी घुसळलेल्या मानवी अल्ब्युमिनचे कवच असलेले अल्ब्युनेक्स १९९४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, पण आतली हवा लवकर निघून जाई. पुढच्या पिढीत पाण्यात फारसे न विरघळणारे जड वायू आले: ऑक्टाफ्लुओरोप्रोपेन, परफ्लुओरोब्युटेन, सल्फर हेक्झाफ्लुओराइड. कवचही बदलले आणि अल्ब्युमिनच्या जोडीला फॉस्फोलिपिडांचा एकपदरी थर आला. त्याची जाडी दोन-तीन नॅनोमीटर. मेदाच्या रेणूंची पाण्याकडे ओढा असलेली डोकी बाहेर आणि पाणी टाळणाऱ्या शेपट्या आत, असे ते दाटीवाटीने उभे राहतात. बुडबुडा आकसू लागला की दाटी वाढते, पृष्ठताण जवळजवळ शून्यावर येतो आणि आकसण्याची ओढच उरत नाही. वर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या तंतूंची लव लावतात. तिच्यामुळे बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत आणि शरीराच्या रक्षक पेशींना लवकर सापडत नाहीत.

या कवचांत वापरला जाणारा एक मेद, डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिन, माणसाच्या फुप्फुसातही असतो. वायुकोश हे एका अर्थी बुडबुडेच आहेत आणि त्यांनाही दाबाचा तोच नियम लागू आहे. हा मेद पुरेसा तयार होण्याआधी जन्मलेल्या बाळांचे वायुकोश मिटून जातात आणि श्वास अडखळतो. देह हा बुडबुडा, ही उपमा इतकी शब्दशः खरी आहे. फरक एवढाच की या बुडबुड्याला शरीर जन्माआधीपासून कवच पुरवत असते, आणि त्या कवचाच्या आधारावर श्वास चालतो.

आता ‘स्थिर’ या शब्दाकडे वळता येते. सल्फर हेक्झाफ्लुओराइडच्या औषधाची कुपी घेतली तर तिच्यात बुडबुडा एकही नसतो. कोरडी पूड असते आणि तिच्यावर वायू. ती तशी दोन वर्षे राहते. वापरण्याच्या वेळी सलाइन घालून हलवली की बुडबुडे तयार होतात आणि ते कुपीत सुमारे सहा तास चालतात. रक्तात गेल्यावर हिशेब मिनिटांचा होतो. एकाच वस्तूला वर्षे, तास आणि मिनिटे असे तीन वेगवेगळ्या प्रकारचे टिकाऊपण आहे, आणि तिन्हींना स्थैर्य हाच शब्द लावतात. स्थैर्य म्हणजे नित्यता नव्हे. ठरलेल्या कामाला, ठरलेल्या ठिकाणी, पुरेसा वेळ राहणे एवढाच त्याचा अर्थ आहे. नित्य आणि अनित्य या जोडीत तो बसत नाही. नश्वरतेच्या उपदेशांत मात्र या मधल्या जागेकडे नेहमी दुर्लक्ष झाले, आणि जे नित्य नाही ते जणू क्षणार्धात संपणारच असे गृहीत धरले गेले.

कुपीतली पूड भारतीय तर्कशास्त्रातल्या एका प्रसिद्ध वादाची आठवण करून देते. कोठारातले बी उगवत नाही, शेतातले उगवते. बौद्धांचे म्हणणे असे की ही दोन बीजे मुळी एक नव्हेतच. उगवण्यास समर्थ असा क्षण वेगळा आणि असमर्थ क्षण वेगळा. सामर्थ्य असते तर ते थांबले कशाला असते? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, उत्तर देतात की बी तेच आहे, फक्त पाणी, माती, ऊन हे सहकारी कोठारात नाहीत. धर्मकीर्तीने सातव्या शतकात या वादाला जी धार दिली ती इथे फार उपयोगी पडते. त्याच्या मते जे कार्य घडवू शकते तेच सत्. अर्थक्रियाकारित्व हीच सत्तेची खूण. त्याने आणि पुढच्या बौद्ध आचार्यांनी यातूनच असा युक्तिवाद उभा केला की, नित्य वस्तू कार्य करूच शकत नाही. क्रमाक्रमाने करते म्हणावे तर ती बदलते, म्हणजे नित्य राहत नाही. एकदम करते म्हणावे तर दुसऱ्या क्षणी तिला करण्यासारखे काही उरत नाही.

कुपीपुरते पाहिले तर नैयायिकांची बाजू पटते. पूड तीच असते. सलाइन आणि हाताचा झटका हे सहकारी मिळताच ती फळते. रक्तातल्या बुडबुड्याबद्दल मात्र बौद्धांचे म्हणणे अधिक खरे ठरते. रक्तात शिरताच त्यात भोवतीचा नायट्रोजन आणि ऑक्सिजन झिरपतो, आतला मूळ वायू हळूहळू बाहेर जातो. आकसताना कवचातले मेदाचे रेणूही गळून पडतात. काही वेळाने ना आतला वायू मूळचा राहतो, ना भिंत पूर्वीइतकी, तरी पडद्यावर तो एकच ठिपका दिसत राहतो. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये नागसेनाने रात्रभर जळणाऱ्या दिव्याबद्दल हाच प्रश्न घेतला होता: पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एक की वेगळी? त्याचे उत्तर असे की ती तीच नव्हे आणि दुसरीही नव्हे, एक संतती, म्हणजे अखंड प्रवाह, आहे. वेदान्ती इथे म्हणेल की बुडबुडा हे नामरूप, खरे ते पाणी. त्या मताचे मोठेपण मान्य करूनही एक अडचण उरते. तपासणीला उपयोगी पडतो तो पाण्याहून वेगळा असलेला वायू. केवळ पाणी उरले की चित्र पुन्हा काळे पडते.

कवच किती मजबूत करावे, हा अभियंत्यांपुढचा खरा पेच आहे आणि धर्मकीर्तीचा मुद्दा तिथे प्रयोगशाळेत भेटतो. कवच फार कडक केले की बुडबुडा खूप टिकतो, पण ध्वनीच्या लहरीवर तो फुगत-आकसत नाही आणि त्याचा प्रतिध्वनी क्षीण होतो. फार सैल ठेवले तर चांगला गुंजतो, पण लवकर संपतो. मेदाचे कवच मधला मार्ग काढते: आकसताना त्याला सुरकुत्या पडतात, फुगताना ते ताणले जाते आणि मर्यादेपलीकडे फाटते. बुडबुडा जितका फुगू शकतो तितका आकसत नाही, म्हणून त्याच्या प्रतिध्वनीत पाठवलेल्या सुराच्या दुपटीतिपटीचे सूरही उमटतात. कमी दाबाच्या लहरींना ऊती जवळजवळ पाठवलेल्याच सुरात उत्तर देतात, त्यामुळे यंत्राला बुडबुडा वेगळा ओळखता येतो. न बदलणारा बुडबुडा मुकाच असता. बदलण्याची क्षमता हीच त्याची वाणी आहे.

त्याच्या नाशालाही काम आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त किती वेगाने मिळते हे मोजताना जोरदार लहर देऊन चित्राच्या पट्ट्यातले सगळे बुडबुडे एकदम फोडतात. पडदा काळा होतो. मग नवे बुडबुडे रक्ताबरोबर येतात आणि काळोख भरत जातो. तो किती वेळात भरला यावरून प्रवाह कळतो. बुडबुडे अभंग असते तर पडदा सतत उजळ राहिला असता आणि रक्त वाहते आहे की थांबले आहे हे सांगता आले नसते. प्रवाह कळण्यासाठी आधी रिकामे व्हावे लागते, ही गोष्ट कुंभकोणमच्या कुंभाला आणि स्वामीमलैच्या मूर्तिकाराला सारखीच लागू आहे. स्वामीमलैचे स्थपती मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचा पहिला हात देतात, मेण वितळवून काढतात, पोकळीत धातू ओततात आणि शेवटी मातीचे कवच फोडतात. न फोडलेल्या साच्यातला देव कोणाला दिसत नाही.

ही औषधे निर्धोक आहेत असे मात्र सरसकट म्हणू नये. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गंभीर प्रतिक्रियांच्या नोंदींवरून कडक इशारा दिला. पुढच्या वर्षी अधिक माहिती पाहून तो काहीसा सैल केला. तीव्र ॲलर्जी क्वचित होते, पण होते, म्हणून इंजेक्शननंतर रुग्णावर लक्ष ठेवतात. याउलट मूत्रपिंड अधू असलेल्यांना ही औषधे चालतात, कारण वायू मूत्रावाटे जातच नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे देता येते. बुडबुड्याला स्थिर करणे म्हणजे त्याचा स्वभाव मोडणे नव्हे. त्या स्वभावाला कामापुरती मुदत देणे होय. दुसऱ्याचे उत्तर: बुद्धाने बुडबुड्यात सार नाही म्हटले ते खरे आहे, पण त्यावरून तो निष्फळ ठरत नाही, आणि असा अर्थ बुद्धाच्याच परंपरेतल्या धर्मकीर्तीला मान्य झाला नसता. ज्या कीर्तनकारांनी आणि निरूपणकारांनी पाण्याच्या बुडबुड्याचा दाखला देऊन देहाकडे तुच्छतेने पाहायला शिकवले, त्यांनी दृष्टांताचा अर्धाच भाग वापरला. तिरुवलंचुळीच्या पुजाऱ्याने कापराची पूड भुरभुरताना उरलेला अर्धा भाग सांभाळला आहे.

प्रौढाला एका वेळी दिल्या जाणाऱ्या २ मिलिलिटर औषधातल्या बुडबुड्यांत सल्फर हेक्झाफ्लुओराइड वायू अवघा १६ मायक्रोलिटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाहूनही कमी असतो. त्यातला ८० टक्क्यांहून अधिक २ मिनिटांत उच्छ्वासावाटे बाहेर पडतो, आणि १५ मिनिटांनी जवळजवळ काहीच उरत नाही. कवचाचे मेद शरीरातल्या इतर मेदांबरोबर पचून जातात.